चित्रकाराने स्वतःच प्रकाशक व्हावं का? (डेनिस किचन, किचन सिंक प्रेस आणि हरिपूरची पेवं)

शाईची बाटली, सांगली

हरिपूरच्या पेवांवर, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या कोठारांवर, मी एक कॉमिक काढलंय. ६४ पानं, फक्त काळी शाई, मोठ्यांनी वाचायचं. तोंड अरुंद, पोट मोठं असं जमिनीत खोल गेलेलं पेव, त्यात उतरणारे हमाल, उतरण्याआधी कंदील सोडून आतली हवा बघायची रीत, आणि २००५च्या पुरात पाणी शिरून कायमची गेलेली पेवं, असा सगळा पट आहे. बरीच पानं उभ्या लांब चौकटींची आहेत, कारण खोली दाखवायला मला दुसरा मार्ग सुचला नाही.

पुण्यातल्या एका प्रकाशकांना ते आवडलं. अटी अशा: एकरकमी मानधन, सगळे हक्क त्यांचे, मूळ चित्रं त्यांच्याकडेच राहणार, आणि शिव्या असलेली दोन पानं बदलायची. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

सध्या मी डेनिस किचन या कॉमिक्स-चित्रकार आणि प्रकाशकाबद्दल मिळेल ते वाचते आहे. जन्म १९४६, अमेरिकेतलं विस्कॉन्सिन राज्य. मिलवॉकीत पत्रकारिता शिकले. १९६९ मध्ये 'मॉम्स होममेड कॉमिक्स' हा अंक स्वतः काढला, स्वतः छापून घेतला, स्वतःच दुकानांत नेऊन दिला. ४,००० प्रतींपैकी ३,५०० एकट्या मिलवॉकीत खपल्या. त्या वेळी 'अंडरग्राउंड' कॉमिक्सच्या, म्हणजे मोठ्या कंपन्या आणि त्यांचे नियम टाळून काढलेल्या अंकांच्या, चळवळीचं केंद्र सॅन फ्रान्सिस्को होतं, तिथे १९६८ मध्ये चित्रकार रॉबर्ट क्रम यांचा 'झॅप' हा अंक निघाला होता. मिलवॉकी म्हणजे बिअरच्या कारखान्यांचं गाव. तिथे बसून किचननी हे केलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पुढची आवृत्ती कॅलिफोर्नियातल्या एका प्रकाशनाकडे दिली, तिथला हिशेब पटला नाही, म्हणून १९७० मध्ये स्वतःची 'किचन सिंक प्रेस' काढली. शिकागोच्या जे लिंच आणि स्किप विल्यमसन या चित्रकारांनी आपलं 'बिजू फनीज' हे कॉमिकही त्यांच्याकडे दिलं. हा संसार १९९९ पर्यंत चालला.

पण मला सर्वांत भिडतात त्या त्यांच्या अटी. कृतीचे हक्क चित्रकाराकडे, मूळ पानं चित्रकाराला परत, आणि प्रतींच्या हिशेबाने रॉयल्टी. मोठ्या कंपन्यांत तेव्हा पानामागे ठरलेले पैसे मिळत आणि तिथे चित्रकाराचा संबंध संपत असे. १९७४ मध्ये मार्व्हलच्या स्टॅन ली यांनी किचनना 'कॉमिक्स बुक' या नियतकालिकाचं संपादन दिलं, तर तिथेही मूळ पानं परत देण्याचं त्यांनी मान्य करून घेतलं. तीन अंकांनंतर मार्व्हलने हात काढून घेतला, तयार असलेले पुढचे दोन अंक किचननी आपल्या प्रेसतर्फे काढले.

मात्र प्रकाशक झाल्यावर त्यांचं स्वतःचं चित्रं काढणं फार कमी झालं. तर विचारायचं हे आहे की चित्रकाराने स्वतःच प्रकाशक व्हावं का? मी शाळेत चित्रकला शिकवते, रात्री चित्रं काढते. तिसरं काम अंगावर घ्यावं का?

मिरजेची तार

ताई, आधी अभिनंदन! ६४ पानं हाताने म्हणजे चेष्टा नाही. दोन पानं तरी इथे टाका.

भडंग बॉय

इंद्रजाल कॉमिक्सची आठवण काढल्याशिवाय मी या धाग्यावरून हलणार नाही. वेताळ, जादूगार मँड्रेक, बहादूर! गावभागातल्या एका दुकानात दिवसाच्या भाड्याने मिळायची, आणि परत करताना दुकानदार पानं मोजून घ्यायचा. १९९० मध्ये बंद पडली ती पडलीच. ताईंच्या पेवात वेताळाला एकदा उतरवायला हवं. कवटीच्या गुहेची सवय आहेच त्याला.

सातारी कंदी

माझं मत उलट आहे आणि ते स्पष्ट सांगतो. होऊ नका प्रकाशक.

किचन यांचं जे थोडं काम मी पाहिलंय, त्यात रेषेचा गोडवा आणि चावटपणा दोन्ही आहे. जुन्या व्यंगचित्रांवर पोसलेला हात आहे तो. असा माणूस ३० वर्षं बिलं, कागदाचे भाव, दुकानदारांची उधारी आणि दुसऱ्यांच्या मुदती सांभाळत बसला. त्यांच्या चित्रांचं मोठं संकलन आलं २०१० मध्ये, म्हणजे प्रेस बंद होऊन अकरा वर्षं झाल्यावर. प्रकाशक म्हणून त्यांनी इतरांना जगवलं हे मान्य. पण एक चित्रकार त्यात खर्ची पडला, हा हिशेबही मांडा.

ताई, तुमच्याकडे शाळा आहे, घर असेल. उरलेली रात्र तुम्ही दुकानदारांना फोन करण्यात घालवणार? पुण्याच्या प्रकाशकांना द्या आणि दुसरं पुस्तक सुरू करा.

मिरजेची तार

@सातारी कंदी, सगळे हक्क आणि मूळ चित्रंसुद्धा देऊन? मग दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी काय, घर लिहून द्यायचं?

ऑफसेटवाला, कुपवाड

माझा छपाईचा व्यवसाय आहे, त्यामुळे मी त्याच अंगाने बोलतो.

६४ पानं म्हणजे सोळा-सोळा पानांचे बरोबर चार फॉर्मे, ताई, तुम्ही नकळत छापखान्याच्या सोयीचं काम केलंय. एकच रंग असल्याने प्लेटचा खर्च कमी. ३०० प्रतींपर्यंत डिजिटल परवडतं, हजाराच्या पुढे ऑफसेट. मधला पल्ला अडचणीचा, तिथे दोन्हीकडून कोटेशन घ्या. ऑफसेटला खर्च सुरुवातीलाच होतो, प्लेट आणि मशीन लावणं. नंतरची प्रत जवळपास कागदाच्या भावात पडते. त्यामुळे लोक मोहात पडून जास्त छापतात आणि मग गठ्ठे पलंगाखाली जातात.

पेवाच्या आतली पानं भरगच्च काळी असणार. मॅपलिथो कागदावर एवढी शाई लवकर सुकत नाही, समोरच्या पानावर डाग उठतो. छापणाऱ्याला घाई करू देऊ नका, एक दिवस सुकू द्या, मग घडी. स्कॅन करताना ग्रे नको, शुद्ध काळं-पांढरं, १२०० डीपीआय. ग्रेमध्ये केलं तर रेषेच्या कडेला बारीक ठिपके येतात आणि रेघ मेलेली दिसते. हे मी रोज बघतो. लोक चांगलं चित्र आणतात आणि स्कॅनिंगमध्ये घालवतात. बांधणीला सेंटर पिन चालेल, फक्त कागद ८० जीएसएमच्या आसपास ठेवा, जाड घेतला तर अंक मिटत नाही.

औंधकर

धागा वाचून राहवलं नाही. स्वतः काढायचं आणि स्वतः छापायचं, ही गोष्ट आपल्या मुलखाला नवी नाही.

औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी संस्थानिक होते आणि चित्रकारही. १९१६ मध्ये त्यांनी स्वतः काढलेल्या चित्रांचं रामायण प्रसिद्ध केलं. चित्रांमागून चित्रं आणि त्यांच्या आधाराने कथा. औंधचं संग्रहालय पाहिलं नसेल त्यांनी एकदा जाऊन यावं, चित्रांच्या ओढीने माणूस काय उभं करू शकतो ते दिसेल.

याच औंध संस्थानच्या जमिनीवर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. तिथून १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघालं, त्याचंच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं. संपादक शंकरराव किर्लोस्कर, म्हणजे शंवाकि, मूळचे चित्रकार. लाहोरला पंडित सातवळेकरांकडे चित्रकला शिकून आले होते. त्यांची 'टाकांच्या फेकी' ही व्यंगचित्रं त्याच मासिकात यायची. मग 'स्त्री' १९३० मध्ये, 'मनोहर' १९३४ मध्ये. नांगर आणि पंप बनवणाऱ्या माळावरच्या कारखान्यातून अख्ख्या महाराष्ट्रात मासिकं जायची, बाजूला रेल्वे स्टेशन होतं म्हणून. तेव्हा सांगली-सातारा आडबाजूला आहे, इथे काय होणार, असं कोणी म्हणू नये.

सातारी कंदी

@औंधकर, माहिती उत्तम. पण एक राजे होते आणि दुसऱ्यांच्या पाठीशी कारखाना होता. ताईंच्या पाठीशी शाळेचा पगार आहे.

औंधकर

हे खरं आहे. पण किचन यांच्या पाठीशी तर तोही नव्हता.

लायब्ररीतली वहिनी, विश्रामबाग

मी ग्रंथालयात काम करते. मला या 'अंडरग्राउंड' प्रकाराबद्दल पहिल्यापासून अडचण आहे आणि ती बोलून दाखवते. क्रम यांची चित्रं मी पाहिली आहेत. रेषा थक्क करते, पण बायकांना ज्या तऱ्हेने रंगवलंय ते मला सहन होत नाही. बंधनं झुगारली म्हणतात, पण ती झुगारून बहुतेक पुरुषांनी आपलंच मन मोकळं केलं. ताई, तुमचं पुस्तक तसं नसणार हे कळतंय, पण या परंपरेचं इतकं कौतुक करताना हे विसरू नये.

शाईची बाटली

वहिनी, बरं झालं तुम्ही हे काढलंत. ही टीका त्या चळवळीच्या आतूनच झाली होती. चित्रकार ट्रिना रॉबिन्स यांनी क्रम यांच्या चित्रांबद्दल तेव्हाच उघड नाराजी मांडली, पुरुषांच्या अंकांत जागा मिळेना म्हणून १९७० मध्ये फक्त बायकांनी काढलेलं कॉमिक आणलं, आणि १९७२ पासून 'विमेन्स कॉमिक्स' सुरू झालं. ते पुढे वीस वर्षं निघत राहिलं. किचन सिंकने १९८० मध्ये 'गे कॉमिक्स' सुरू केलं, संपादक हॉवर्ड क्रूझ. समलिंगी चित्रकारांनी आपलं साधं रोजचं जगणं त्यात काढलं. म्हणजे दार उघडल्यावर आधी जे घुसले त्यांच्यावरूनच घर ओळखायचं नाही, असं मला वाटतं. छपाई स्वस्त आणि परवानगी कोणाचीच नाही, यामुळेच या बायकांनाही वाट मिळाली.

लायब्ररीतली वहिनी

हे मला माहीत नव्हतं. मिळेल तिथून मागवते.

विस्कॉन्सिनचा मिरजकर

नोकरीनिमित्त बरीच वर्षं विस्कॉन्सिनमध्ये काढली, म्हणून थोडी भर घालतो. किचन सिंकचा बराचसा काळ मिलवॉकीतही गेला नाही. प्रिन्स्टन नावाच्या अगदी छोट्या गावाच्या परिसरातून ती प्रेस चालली. तिथून पोस्टाने पुस्तकं जगभर जायची.

कॉमिक्स तिथे विकली कुठे जात, हे समजल्याशिवाय ही गोष्ट उलगडत नाही. १९५४ मध्ये कॉमिक्स कोड आला. त्याचा शिक्का नसेल तर वितरक अंक उचलत नसत, म्हणजे नियम पाळा नाहीतर घरी बसा. अंडरग्राउंडवाल्यांनी तो रस्ताच सोडला. हिप्पी लोकांची चिलमी, पोस्टर, उदबत्त्या विकणारी दुकानं होती, त्यांना माल दिला. आणि दुकानदार तो रोखीने घेई, न विकलेलं परत नाही. छोट्या प्रकाशकाचा जीव तिथे वाचला. मग १९७३ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने अश्लीलता स्थानिक लोकांच्या मापाने ठरवायची असा निकाल दिला, दुकानदार घाबरले, पुढे ती दुकानंही बंद पडत गेली. त्या लाटेत बरेच प्रकाशक बुडाले. किचन तगले.

तगले कसे? माझ्या मते विल आयस्नर यांच्यामुळे. १९४०च्या दशकात वर्तमानपत्रांत 'द स्पिरिट' ही चित्रमालिका काढणारे आयस्नर त्यांना १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या एका संमेलनात भेटले. वयाने एवढा मोठा, व्यवसायात मुरलेला माणूस, आणि समोर लांब केसांचा पंचविशीतला पोरगा. आयस्नरना त्या पोराच्या व्यवहाराच्या अटी आवडल्या. १९७३ मध्ये किचन सिंकने 'द स्पिरिट'चे दोन अंक काढले, १९७७ पासून ते कायमचंच त्यांच्याकडे आलं. जुन्या, लोक विसरलेल्या चित्रमालिका नीट छापायच्या, आणि त्या पैशावर नव्या पोरांचं विचित्र काम काढायचं, असा तो मेळ होता.

भडंग बॉय

म्हणजे ताईंनी आधी एखादं जुनं खपाऊ पुस्तक शोधायचं! सांगलीत त्याला नाटकाची संहिता म्हणतात. १८४३ पासून पुरवठा आहे.

वकील, पोवई नाका

कायद्याचं थोडं. शिव्यांची दोन पानं आणि हक्क, दोन्ही मुद्दे आहेत.

हक्कांबाबत: १९५७चा कॉपीराइट कायदा चित्रकाराच्या बाजूने बराच उभा आहे, फक्त चित्रकार तो वाचत नाहीत. हक्क द्यायचे तर लेखी करार हवा. तोंडी देता येत नाहीत. करारात मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षंच धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरतंच. घेतलेला हक्क वर्षभर वापरला नाही तर तो परत येतो, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. (प्रकाशक नेमकं तेच वेगळं लिहून घेतात, म्हणून प्रत्येक ओळ वाचा.) कलम ५७ खाली कृतीवर तुमचं नाव राहणं आणि तुमची बदनामी होईल अशी मोडतोड न होणं हा अधिकार हक्क विकल्यावरही तुमचाच राहतो. आणि मूळ चित्राचा कागद ही वेगळी मालमत्ता आहे. छापण्याचा हक्क दिला म्हणून मूळ पान आपोआप जात नाही. मागताहेत, तर त्याची वेगळी किंमत असायला हवी.

शिव्यांबाबत: नुसत्या शिवीने पुस्तक अश्लील ठरत नाही. पण 'गांधी मला भेटला' या वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या कवितेचं प्रकरण लक्षात ठेवा. अशोक शहाणे यांनी ती १९८३ मध्ये पोस्टररूपात छापली होती. १९९४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या एका अंकात ती पुन्हा आली आणि खटला झाला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१५चा. प्रकाशकाने आणि मुद्रकाने माफी मागितली होती, त्यांना वगळलं. कवीला मात्र खटल्याला तोंड द्यायला सांगितलं. पहिला फटका कोणाला बसेल हे सांगता येत नाही.

विस्कॉन्सिनचा मिरजकर

वकीलसाहेब, यालाच जोडून. १९८६ मध्ये शिकागोजवळच्या लॅन्सिंग गावात कॉमिक्सच्या दुकानावर छापा पडला आणि व्यवस्थापकाला अटक झाली, पुढे शिक्षाही. जप्त मालात किचन सिंकचंही प्रकाशन होतं. म्हणजे काढणारा मोकळा, छापणारा मोकळा, आणि गल्ल्यावरचा माणूस आत. किचन यांनी इतर चित्रकारांकडून चित्रं मागवून त्यांचा संच विकला, वकिलाचे पैसे उभे केले, आणि वरच्या न्यायालयात ती शिक्षा रद्द झाली. उरलेल्या पैशांतून त्यांनी कॉमिक्सच्या कायदेशीर बचावासाठी कायमचा निधी उभारला. तो आजही काम करतो. एका चित्रकाराने याहून मोठं काय काढलं असतं, सातारी कंदी?

सातारी कंदी

मान्य, हे मोठं काम आहे. पण हे काम करायला चित्रकारच हवा होता असं नाही.

शाईची बाटली

हवाच होता असं मला वाटतं. आपलं पान दुसऱ्याच्या कपाटात अडकल्यावर काय होतं ते त्यातून गेलेल्यालाच कळतं. किचन यांच्या सगळ्या अटी तिथून आल्यात. पहिल्या अंकाच्या पुढच्या आवृत्तीचा हिशेब त्यांना पटला असता तर कदाचित ते चित्रकारच राहिले असते.

लिटलमॅग

वर अशोक शहाणेंचा उल्लेख आला म्हणून. मराठीत किचन यांच्या जवळचं काही शोधायचं असेल तर कॉमिक्समध्ये शोधू नका, साठच्या दशकातल्या लघुनियतकालिकांत शोधा. सायक्लोस्टाइल केलेले अंक, हातोहात वाटप, प्रस्थापित मासिकांशी भांडण. शहाणेंच्या 'प्रास' प्रकाशनाने कवी अरुण कोलटकरांची पुस्तकं काढली. कोलटकर जाहिरात क्षेत्रातले नावाजलेले चित्रकार, त्यामुळे पुस्तकाचा आकार, अक्षर, मोकळी जागा यांचाही विचार कवितेइतकाच. 'भिजकी वही' हातात घेतली की कळतं. कवी आणि प्रकाशक यांच्यात करारापेक्षा मोठा विश्वास होता तिथे.

आणि भारतातल्या कॉमिक्सचंच पाहायचं तर ओरिजित सेन. नर्मदा खोऱ्यातल्या विस्थापनावरचं त्यांचं पुस्तक १९९४ मध्ये 'कल्पवृक्ष' या पर्यावरण गटाने काढलं, मोठ्या प्रकाशकाने नाही. ते बाजारात बरीच वर्षं मिळत नव्हतं, २०२२ मध्ये नवी आवृत्ती आली. ताई, तुमचा विषयही पाण्याचा आणि कष्टकऱ्यांचा. ते जरूर बघा.

दिवाळी अंक जमवणारा

वितरणाचा मार्ग मराठीत आधीपासून आहे, दिवाळी अंक! १९०९च्या 'मनोरंजन'पासून. मोठ्यांसाठीची चित्रं मराठी घरांत त्याच वाटेने आली. 'आवाज'ची खिडकीचित्रं आठवा, वरचं पान उघडलं की आत भलतंच. आजोबांपासून सगळे चोरून बघायचे. आठ पानांचा एक भाग एखाद्या दिवाळी अंकाला द्या, खाली पुस्तकाची जाहिरात. छापायचा हक्क एकवेळचाच द्या, तेवढं लिहून घ्या.

बोरगावचा बाळू

ताई, मी कमी बोलतो पर हितं बोलावं लागंल. माझं आजं हळदीच्या पेवात उतरायचं. अंगाचा पिवळेपणा धुऊन जायचा न्हाई, आजी म्हणायची ह्येला लगीन लागल्यागत रोजच हळद. पुराच्या आधीच गेलं ते. मी लहान असताना विचारायचो आत कसं असतंय, तर नुसतं म्हणायचं, वरचा माणूस चांगला पाहिजे.

तुमच्या पुस्तकात शिव्या हाईत म्हणता. असणारच. पेवात उतरलेला माणूस वरच्याला शिव्याच देणार, ती काय भांडणाची शिवी न्हाई, ती 'मी जित्ता हाय' म्हणून दिलेली हाक. ती पानं काढू नका.

आन किंमत अशी ठेवा की मार्केट यार्डातल्या माणसाला घेता येईल. तीनशे रुपयांचं पुस्तक त्यो घेणार न्हाई. पुण्यातला प्रकाशक यार्डात इकायला येणाराय का?

मिरजेची तार

बाळूदादा, हे वाचून गप्प बसले.

लायब्ररीतली वहिनी

बाळूने जे सांगितलं त्यानंतर ती दोन पानं बदलण्याचा प्रश्नच उरत नाही. ग्रंथालयासाठी पाच प्रती मी मागवीन, त्या खरेदीची शिफारस माझ्या हातात आहे. मोठ्यांच्या विभागात ठेवू.

ऑफसेटवाला, कुपवाड

बाळूच्या किमतीच्या मुद्द्यावर: एकरंगी, सेंटर पिन, साधा मॅपलिथो, कव्हरला लॅमिनेशन नको, हजार प्रती केल्या तर शंभराच्या आसपास विकूनही तोटा होऊ नये. पण दुकानदाराची सूट धरून नाही. ती धरली की गणित कोसळतं. हाताने विका.

सातारी कंदी

माझ्या विरोधाचं शेवटचं कारण सांगतो, मग थांबतो. किचन सिंक बुडाली ती लहान होती म्हणून नाही, मोठी झाली म्हणून. १९९३ मध्ये केव्हिन ईस्टमन यांच्या 'टुंड्रा' या प्रकाशनाशी जोडणी केली, बिऱ्हाड विस्कॉन्सिनहून मॅसॅच्युसेट्सला हललं, बाहेरचे गुंतवणूकदार आले. त्याच काळात स्कॉट मॅक्लाऊड यांचं कॉमिक्स समजावून सांगणारं पुस्तक, 'द क्रो', ॲलन मूर यांचं 'फ्रॉम हेल' अशी मोठी नावं यादीत आली. आणि १९९९ मध्ये सगळं संपलं. तेव्हा ताई, व्हायचंच असेल प्रकाशक, तर स्वतःच्या एका पुस्तकापुरतं व्हा. दुसऱ्या चित्रकाराने हस्तलिखित पुढे केलं की हात मागे घ्या. तिथून चित्रं काढणं सुटतं.

औंधकर

हा सल्ला मात्र मला पटला, निम्मा. दुसऱ्याचं हस्तलिखित पुढे आलं आणि ते चांगलं असलं, तर हात मागे घेणं जमणार आहे का ताईंना? लिंच आणि विल्यमसन यांना किचन नाही म्हणाले असते तर?

विस्कॉन्सिनचा मिरजकर

आणि प्रेस बंद पडली तरी काम वाया गेलं नाही. किचन आयस्नर यांचे प्रतिनिधी म्हणून काम करत राहिले, पुस्तकं संपादित करत राहिले. त्यांच्याकडची पत्रं, हिशेब, करार, सगळं २०१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने घेतलं. ताई, तुम्हीही प्रत्येक पत्र आणि बिल जपून ठेवा.

शाईची बाटली

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस हा धागा वाचते आहे, आज पुण्याला पत्र पाठवलं.

त्यात लिहिलं: फक्त मराठी पुस्तकाचा हक्क, पाच वर्षांसाठी, विक्रीवर रॉयल्टी आणि वर्षातून एकदा लेखी हिशेब, मूळ ६४ पानं माझ्याकडे, दोन पानं आहेत तशीच, आणि मार्केट यार्डासाठी कमी किमतीची वेगळी आवृत्ती मी स्वतः काढणार, ती परवानगी करारातच. हे सगळं त्यांनी मान्य केलं तर आनंदच आहे, ते चांगली पुस्तकं काढतात. शेवटच्या मुद्द्यावर ते अडतील असा माझा अंदाज आहे. अडले तर सगळंच मी काढेन.

सातारी कंदी, तुमचा मुद्दा मी हलका मानलेला नाही. रात्री दोन गोष्टींपैकी एकच होणार हे मला दिसतंय. पण यार्डातली आवृत्ती मला काढायचीच आहे, आणि ती माझ्याशिवाय दुसरं कोणी काढणार नाही. त्यातून पुढचं वर्ष चित्रं कमी झाली तरी चालतील. दुसऱ्यांची हस्तलिखितं आली तर काय, याचं उत्तर माझ्याकडे आज नाही. एका माजी विद्यार्थिनीची वही मात्र माझ्या टेबलावर पडून आहे, आणि ती चांगली आहे.

सातारी कंदी

सुरू झालं! मग माझ्या नावाने दोन प्रती लिहून ठेवा.

वकील, पोवई नाका

पुस्तक म्हणून काढणार असाल तर आयएसबीएन (पुस्तकाचा ओळखक्रमांक) घ्या, त्याला शुल्क नाही. मासिकासारखं क्रमाने काढलंत तर नोंदणीचा वेगळा कायदा लागतो. आणि १९५४च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथली नेमलेली ग्रंथालयं यांना एकेक प्रत स्वखर्चाने पाठवायची, प्रसिद्धीपासून ३० दिवसांत. छोटे प्रकाशक हे टाळतात. टाळू नका, पेवांची ही गोष्ट त्या चार ठिकाणी राहील.

बोरगावचा बाळू

यार्डात इकायचं काम माझ्याकडं द्या. सौद्याच्या दिवशी सकाळी येतो, गठ्ठा तयार ठेवा. आन आज्याला दाखवल्यागत एक प्रत आईला पाहिजे, तिचे पैसे मी देणार.

ऑफसेटवाला, कुपवाड

डमी घेऊन या, कागद हातात घेऊनच ठरवू. आणि ताई, मलपृष्ठावर किंमत छापायची आहे, ती आधी पक्की करा. प्लेट झाल्यावर बदलायला लावू नका.